खेळाडू संघात का असतो, का नसतो: कामगिरीबाहेरची कारणे आणि चाहत्यांची पसंती

सीमारेषेवरून (प्रश्न)

नमस्कार. गेली वीसएक वर्षे मी एका व्यावसायिक फुटबॉल संघाचे सामने नियमाने पाहत आलो आहे. या हंगामात त्या संघाने माझ्या आवडीच्या एका मध्यरक्षकाला आधी पहिल्या अकरांतून काढले आणि नंतर त्याला बाकावरही जागा दिली नाही. त्याला दुखापत झालेली नाही, त्याच्याकडून शिस्तभंग झाल्याची कोणतीही बातमी नाही, आणि मागच्या हंगामात तो संघातल्या सर्वांत भरवशाच्या तीन-चार खेळाडूंपैकी एक होता, हे प्रतिस्पर्धी संघांचे पाठीराखेही मान्य करतील. त्याच्या जागी आलेला खेळाडू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचा चेहरा हंगाम सुरू होण्याआधीच क्लबच्या प्रत्येक जाहिरातीवर झळकू लागला होता, आणि मैदानावर तो काय करतो हे कोणी पाहण्याआधीच त्याची जागा पक्की झालेली दिसत होती. पत्रकार परिषदेत प्रशिक्षकांना याबद्दल दोनदा विचारले गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी ‘संघाची गरज’ या दोन शब्दांत विषय संपवला.

माझा प्रश्न या एका खेळाडूपुरता नाही. वय, शरीरयष्टी, वर्ण, जन्मस्थान, स्वभाव, राजकीय मते, करारातील अटी, समाजमाध्यमांवरची लोकप्रियता अशा खेळाबाहेरच्या गोष्टी निवडीत नेमक्या कुठे आणि कशा शिरतात, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरी गोष्ट मला अधिक छळते. या सगळ्याचे खापर अखेर आम्हा चाहत्यांवरच फोडले जाते. लोकांना हेच हवे असते, लोक याच चेहऱ्यासाठी तिकिटे काढतात, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे? ज्यांनी निवडीचे काम आतून पाहिले आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विश्लेषण कक्ष (प्रतिसाद 1)

मी काही वर्षे एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या विश्लेषण विभागात नोकरी केली आहे. क्लबचे नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या एकाच क्लबचे वैशिष्ट्य आहे असे मला मुळीच वाटत नाही.

आपल्या मध्यरक्षकाबद्दल अंदाज करायचा तर मी सर्वप्रथम त्याच्या कराराकडे पाहीन. चाहते मैदानाकडे पाहतात आणि संचालक कराराच्या कलमांकडे, त्यामुळे एकच निर्णय दोघांना वेगवेगळा दिसतो. 2022 च्या हंगामाच्या सुरुवातीला अ‍ॅटलेटिको माद्रिदचा आंत्वान ग्रीझमान सामन्यामागून सामना साधारण साठाव्या मिनिटानंतरच मैदानात उतरत असे. तो तंदुरुस्त होता, उत्तम खेळत होता आणि पोर्टोविरुद्ध तर त्याने भरपाई वेळेत विजयी गोल केला. तरीही पुढच्या सामन्यात तो पुन्हा बाकावरच बसला. कारण असे की तो बार्सिलोनाकडून उसना घेतलेला होता, आणि त्याने ठरावीक प्रमाणात सामने किमान 45 मिनिटे खेळले तर त्याला सुमारे 4 कोटी युरोंना विकत घेणे अ‍ॅटलेटिकोला भाग पडणार होते, असे तेव्हाच्या बातम्यांत सांगितले गेले. ऑक्टोबरमध्ये दोन्ही क्लबांनी निम्म्या रकमेच्या आसपास तडजोड केली आणि त्यानंतर तो पहिल्या मिनिटापासून खेळू लागला. त्या काही आठवड्यांत संघाची निवड प्रशिक्षकाच्या फळ्याइतकीच घड्याळाच्या काट्यावर अवलंबून होती. लहान प्रमाणात हे सर्वत्र चालते. अमुक इतके सामने खेळल्यास बोनस द्यायचा किंवा कराराची मुदत आपोआप एक वर्षाने वाढवायची, अशी कलमे सर्रास असतात आणि तो आकडा जवळ आला की खेळाडू अचानक दिसेनासा होतो.

नियमांचाही भाग आहे आणि तो मला तुलनेने स्वच्छ वाटतो, कारण तो सर्वांना आधीपासून माहीत असतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2010-11 पासून 25 जणांच्या यादीत ‘देशात घडलेले’ नसलेले खेळाडू 17 पेक्षा अधिक ठेवता येत नाहीत. यातली व्याख्या राष्ट्रीयत्वाची नाही. एकविसाव्या वाढदिवसाआधी तीन हंगाम इंग्लिश किंवा वेल्श क्लबकडे नोंद असणे पुरेसे असते, आणि म्हणून सोळाव्या वर्षी आर्सेनलमध्ये आलेला स्पेनचा सेस्क फाब्रेगास त्या यादीत ‘इथलाच’ ठरत असे. आयपीएलमध्ये अंतिम अकरांत चारच परदेशी खेळाडू असू शकतात. अशा लीगमध्ये पाचवा परदेशी कितीही चांगला असला तरी त्याला पाणी घेऊन धावावे लागते, आणि लिलावात मधल्या दर्जाच्या स्थानिक खेळाडूचा भाव चढतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी अखेर ती नोकरी सोडली, ती सांगतो. आमच्याकडे युवा संघातून वरच्या संघात घ्यायच्या मुलांसाठी एक छापील तक्ता असे. धाव, वेग, अचूक पास, चेंडू हिसकावण्याचे प्रमाण असे रकाने आमच्या विभागाने भरायचे आणि शेवटचा ‘शेरा’ हा रकाना स्काउटने, म्हणजे नवे खेळाडू हेरणाऱ्याने, भरायचा. एका बैठकीत दोन मुलांपैकी एकाला घ्यायचे होते. आकड्यांचे रकाने बहुतेक सारखे होते. एका मुलाचे थोडे सरस होते. त्याच्या शेऱ्यात पेन्सिलने लिहिले होते, ‘लहानखुरा, घुमा.’ दुसऱ्याच्या शेऱ्यात होते, ‘नजरेत भरतो.’ बैठक दहा मिनिटेही चालली नाही. आकड्यांवर कोणी बोलले नाही, सर्वजण शेऱ्यांवर बोलले. बाहेर पडताना मी दोघांच्या जन्मतारखा पाहिल्या, तेव्हा नजरेत भरणारा मुलगा दुसऱ्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा निघाला. सोळाव्या वर्षी दहा महिने म्हणजे खांदे, आवाज आणि आत्मविश्वास. ‘घुमा’ हा शेरा ज्याने लिहिला, त्या स्काउटची भाषा त्या मुलाला नीट येत नव्हती, हेही मला ठाऊक होते, आणि मी त्या बैठकीत गप्प बसलो. त्या मुलाला क्लबने पुढच्या वर्षी सोडून दिले.

तंदुरुस्तीचा इतिहास, स्वभाव, नव्या गावात एकटे राहण्याची तयारी या गोष्टी विचारात घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. त्या उद्याच्या कामगिरीचा अंदाज बांधायला खरोखर उपयोगी पडतात. परंतु ज्याच्या आधारे अंदाज बांधता येतो अशी माहिती आणि निवडणाऱ्याच्या डोळ्याला झालेली सवय या दोन गोष्टी त्या एका रकान्यात एकाच अक्षरात लिहिल्या जातात, आणि नंतर दोघींनाही ‘संघाची गरज’ असे नाव मिळते.

आकडे आणि अर्थ (प्रतिसाद 2)

प्रतिसाद 1 मधील जन्मतारखेच्या मुद्द्याला भरपूर आधार आहे. कॅनडातील आइस हॉकीत 1 जानेवारी ही वयोगटाची सीमारेषा असल्यामुळे वरच्या पातळीवरच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसते, हे 1985 साली रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे बेल्जियमच्या युवा फुटबॉलमध्ये 1997 साली सीमारेषा ऑगस्टवरून जानेवारीवर आणली गेली, तेव्हा ‘गुणवान’ मुलांचे जन्ममहिनेही तिच्यामागोमाग सरकले. गुणवत्ता कॅलेंडर बदलून सरकत नाही, सरकते ती निवडणाऱ्यांची नजर. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनएचएल या उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगच्या ड्राफ्टवरील (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेवरील) अभ्यासात तर असे आढळले की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या योग्यतेपेक्षा उशिरा निवडले जात होते, म्हणजेच संघ स्वतःचेच नुकसान करून घेत होते.

आपल्या दुसऱ्या खेळाडूला, म्हणजे जाहिरातींवर झळकणाऱ्याला, समजून घ्यायचे असेल तर बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांचा 1995 चा एनबीएवरील (अमेरिकेतील बास्केटबॉल लीगवरील) अभ्यास उपयोगी पडेल. ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंना, त्यांची प्रत्यक्ष कामगिरी, दुखापती आणि खेळण्याची जागा हे सर्व हिशेबात घेतल्यानंतरही, अधिक मिनिटे खेळवले जात होते आणि त्यांना संघात अधिक काळ ठेवले जात होते. ज्याच्यावर मोठी किंमत मोजली, तो चुकीचा निघाला हे मान्य करणे कोणालाच सोपे जात नाही. त्यामुळे महाग खेळाडूला संधी मिळते, संधीमुळे तो दिसत राहतो आणि दिसत राहिल्यामुळे लोकप्रिय होतो. नंतर त्या लोकप्रियतेचाच पुरावा म्हणून उपयोग केला जातो.

आता चाहत्यांवर फोडल्या जाणाऱ्या खापराविषयी. या विषयावर मी बरीच वर्षे वाचन केले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की ‘लोकांना आवडणार नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा बोलणाऱ्याची स्वतःची नापसंती झाकण्यासाठी वापरले जाते. ब्रुकलिन डॉजर्सने 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन याला मैदानात उतरवले, त्याआधी अनेक दशके अमेरिकेतील प्रमुख बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू नव्हते, आणि गोरे प्रेक्षक पाठ फिरवतील हे त्याचे नेहमी दिले जाणारे एक कारण होते. त्या हंगामात डॉजर्सच्या घरच्या सामन्यांना 18 लाखांहून अधिक प्रेक्षक आले. हा आकडा आदल्या वर्षापेक्षा किंचित अधिक होता, म्हणजे भाकीत केलेली घसरण झालीच नाही. संघाने नॅशनल लीग जिंकली आणि रॉबिन्सन वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. बॉस्टन रेड सॉक्सने त्याच रॉबिन्सनची 1945 मध्ये चाचणी घेऊन त्याला करार दिला नव्हता. त्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो 1959 साली, इतर सर्व संघांच्या नंतर.

तरीही चाहते पूर्णपणे निर्दोष आहेत असे म्हणणे प्रामाणिक होणार नाही. नार्डिनेली आणि सायमन यांनी 1990 साली जुन्या बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे चाहते जमवतात त्या खेळाडूंच्या चित्रकार्डांच्या, किमती तपासल्या. या किमती संघमालक ठरवत नाहीत, त्या निव्वळ चाहत्यांच्या पसंतीने ठरतात. सारख्याच कारकिर्दीच्या फलंदाजांमध्ये गोऱ्या नसलेल्या खेळाडूंची कार्डे सुमारे 10 टक्के स्वस्त असल्याचे त्यांना आढळले. नंतरच्या काही अभ्यासांत ही तफावत तितकीशी दिसली नाही, परंतु ती कधीच नव्हती असे म्हणता येत नाही. उलट बाजूने स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश फुटबॉलमधील 39 क्लबांचा 1978 ते 1993 या काळातला ताळेबंद तपासला, तेव्हा तितक्याच पगारखर्चात अधिक कृष्णवर्णीय खेळाडू खेळवणारे क्लब गुणतक्त्यात वर राहत असल्याचे दिसले. याचा अर्थ असा की ते खेळाडू त्यांच्या दर्जापेक्षा कमी किमतीत मिळत होते आणि पूर्वग्रह बाळगणारा क्लब त्याची किंमत गुणांत मोजत होता.

राजकीय मतांचा आपण उल्लेख केला आहे म्हणून एवढेच जोडतो. 2016 मध्ये वर्णद्वेषाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या कॉलिन कॅपरनिकला 2017 पासून एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, एकाही संघाने करार दिला नाही आणि त्याने केलेल्या तक्रारीवर 2019 मध्ये तडजोड झाली. चाहते दुखावले जातील असे तेव्हा वारंवार सांगितले जात असे, आणि पुष्कळ चाहते दुखावलेही होते. परंतु 2016 च्या सप्टेंबरमध्ये त्याची जर्सी लीगच्या विक्रीत सर्वांत वर पोहोचली होती. कोणते चाहते मोजायचे, हेही कोणीतरी ठरवत असते.

उत्तर स्टँड (प्रतिसाद 3)

वरच्या दोन्ही प्रतिसादांत खेळाबाहेरचा निकष म्हणजे लपवलेली किंवा लाजिरवाणी गोष्ट असेच गृहीत धरलेले दिसते. बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबकडे पाहावे, अशी विनंती आहे. शंभराहून अधिक वर्षे हा क्लब केवळ बास्क प्रदेशातील, म्हणजे तिथे जन्मलेले किंवा तिथे खेळ शिकलेले, खेळाडूच घेत आला आहे. हा निकष उघड आहे, चाहत्यांना तो प्राणापलीकडे प्रिय आहे, आणि तो पाळूनही हा क्लब स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली घसरलेला नाही. 2024 मध्ये त्यांनी चाळीस वर्षांनी कोपा देल रे जिंकला. तिथे चाहत्यांचे आकर्षण खेळाबाहेरच्या निकषातूनच जन्मते. मात्र त्याची किंमतही त्यांना ठाऊक आहे: त्यांना जगाच्या बाजारातून खेळाडू आणता येत नाहीत, आणि शेजारच्या क्लबांतील बास्क खेळाडूंसाठी चढा भाव द्यावा लागतो, कारण विकणाऱ्याला त्यांची अडचण कळते.

प्रकाशझोत (प्रतिसाद 4)

मी जाहिरात आणि प्रायोजकत्वाच्या बाजूने या क्षेत्राशी संबंधित आहे, म्हणून केवळ त्या बाजूबद्दल लिहितो.

एक गैरसमज आधी दूर करावासा वाटतो. प्रसिद्ध खेळाडूची किंमत जर्सी विकून वसूल होते, असे बातम्यांत नेहमी येते. जर्सी बनवणारी कंपनी क्लबला वर्षाला ठरावीक रक्कम देते आणि प्रत्येक विक्रीतला लहानसा वाटाच क्लबच्या हाती येतो. शिवाय नवी जर्सी घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण तसेही दुसऱ्या कोणाची तरी जर्सी घेणारच असतात. खरा पैसा पुढच्या प्रायोजकत्वाच्या करारात, परदेश दौऱ्याच्या मानधनात आणि जिथे लीग सर्व क्लबांचे हक्क एकत्र विकत नाही तिथे प्रक्षेपण हक्कांत येतो. तो उशिरा येतो आणि तोवर संघ जिंकत राहिला तरच येतो. ही साखळी मध्येच तुटते ती कशी, याचे सर्वांत बोलके उदाहरण रियाल माद्रिदचे आहे. फ्लोरेंतिनो पेरेस अध्यक्ष झाल्यावर 2000 मध्ये फिगो, 2001 मध्ये झिदान, 2002 मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो आणि 2003 मध्ये बेकहॅम असा दरवर्षी एक तारा आणला गेला. बेकहॅम आला त्याच उन्हाळ्यात क्लॉद मॅकेलेले याची पगारवाढीची मागणी नाकारून त्याला चेल्सीला विकण्यात आले. मॅकेलेले गोल करत नसे आणि त्याचे पोस्टर कोणी भिंतीवर लावत नसे. प्रतिस्पर्ध्याचा हल्ला सुरू होतो तिथे आधीच जाऊन उभे राहणे, चेंडू काढून घेणे आणि दोन पावलांवरच्या सहकाऱ्याला देणे, एवढेच तो नव्वद मिनिटे करी. रियालला पुढचे लीग विजेतेपद 2006-07 मध्येच मिळाले. चेल्सीने मात्र 2004-05 मध्ये पन्नास वर्षांनी लीग जिंकली आणि लगेच पुढच्या वर्षीही जिंकली. प्रशिक्षक बदलत राहणे हेही रियालच्या घसरणीचे कारण होते, पण त्या संघाचा तोल कोणी सांभाळत होते हे तो गेल्यावरच अनेकांच्या लक्षात आले. आपला वगळलेला मध्यरक्षक त्या जातीचा असेल, तर आपली चिंता मला योग्य वाटते.

चाहत्यांच्या पसंतीबद्दल सांगायचे तर ती वाटते त्यापेक्षा गुंतागुंतीची असते. 2003 च्या एनबीए ऑल-स्टार सामन्यासाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, पहिल्याच हंगामात असलेल्या चीनच्या याओ मिंगला प्रस्थापित तारा शकील ओ’नील याच्यापेक्षा अधिक मते मिळाली. मतपत्रिका चिनी भाषेतही उपलब्ध होती आणि मते खेळापेक्षा आपलेपणाला पडली, असे तेव्हा बोलले गेले. परंतु पुढे याओ खरोखरच थोर खेळाडू ठरला. जॉर्जियाच्या झाझा पाचुलियाला 2016 मध्ये मायदेशातून भरभरून मते मिळाली, त्यानंतर 2017 पासून लीगने पहिल्या पाचांच्या निवडीत चाहत्यांच्या मतांचे वजन निम्म्यावर आणले आणि उरलेले निम्मे खेळाडू व पत्रकार यांच्यात वाटले. जेरेमी लिनची गोष्ट याच्या उलट आहे. 2010 च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी निवडले नाही, 2011 च्या डिसेंबरमध्ये दोन संघांनी त्याला सोडून दिले, आणि 2012 च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्क निक्सला माणसे कमी पडली म्हणून तो मैदानात आला. लेकर्सविरुद्ध त्याने 38 गुण केले, तेव्हा संपूर्ण शहर त्याच्या नावाचे झाले. तो हार्वर्डमध्ये शिकलेला आणि आशियाई वंशाचा होता म्हणून निवडणाऱ्यांच्या नजरेतून निसटला, असे अनेकांचे मत आहे. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले त्यातही तीच दोन कारणे होती. फरक इतकाच की लोकांनी आधी त्याला खेळताना पाहिले होते.

आणि जॉन स्कॉटला विसरू नये. एनएचएलमधील संपूर्ण कारकिर्दीत मोजून पाच गोल केलेल्या या दांडग्या आइस हॉकीपटूला चाहत्यांनी 2016 च्या एनएचएल ऑल-स्टार सामन्यासाठी सर्वाधिक मते देऊन कर्णधार केले. सुरुवात थट्टेने झाली होती. त्याने माघार घ्यावी असे त्याला सुचवण्यात आले, नंतर त्याचा संघ बदलला आणि त्याला खालच्या लीगमध्ये पाठवण्यात आले. तरीही तो खेळायला आला, त्याने दोन गोल केले, आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलले तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. थट्टेचे रूपांतर आदरात होताना मी त्या रात्री पडद्यावर पाहिले. असे प्रेम कोणत्याही जाहिरातीच्या आराखड्यात आधी लिहिता येत नाही, हे मी माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाला सांगत असतो.

सीमारेषेवरून (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद 1 वाचल्यावर मी आमच्या क्लबची जाहीर झालेली कराराची माहिती शोधून काढली. वगळलेल्या मध्यरक्षकाचा करार येत्या जूनमध्ये संपतो आहे आणि त्याने नव्या करारावर सही करण्यास नकार दिल्याचे एका जुन्या बातमीत आहे. त्याच्या जागी आलेल्या खेळाडूशी चार वर्षांचा करार झाला आहे आणि त्याच्यासाठी मोजलेली रक्कम क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी आहे. म्हणजे नव्या खेळाडूला बसवले तर ती रक्कम चुकली असे दिसेल, आणि मध्यरक्षकाला खेळवले तर सोडून जाणाऱ्याची किंमत वाढेल.

हे कारण मला पटले नाही, पण निदान ते समजले. प्रशिक्षकांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत इतके सांगितले असते, तर मागच्या घरच्या सामन्यात आमच्या स्टँडमधून त्या नव्या मुलाच्या प्रत्येक स्पर्शावर जी हुर्यो उडवली जात होती, ती उडवली गेली नसती. त्यात माझाही आवाज होता, आणि यात त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. पुढच्या शनिवारी पुन्हा घरचा सामना आहे.